डिझेलची रांग

सोहारला जुन्या गाड्यांच्या बाजारात
असरनंतर ऊन जरा खाली बसतं,
बॉनेट मात्र अजून हाताला चटका देतं.
मी, ताहेरा, मागे उमेर आणि नाझनीन,
दोघांत मिळून लबनची एकच बाटली.

सात सीटची सकाळीच विकून आलो होतो.
तिच्या शेवटच्या रांगेत
शेवटचं कोण बसलं होतं, ते ताहेराला तारखेसकट आठवतं:
अब्बा, मस्कतच्या विमानतळापर्यंत,
मांडीवर आंब्याची रिकामी पेटी, तिच्यात दोन ब्लँकेटं.
नंतर तिथे पाण्याचे बॉक्स बसू लागले.
थोरली पुण्याला शिकायला गेली
आणि मधल्या रांगेतलं भांडणही संपलं.
पगार तर त्याच्याही आधी बारीक झाला होता,
पण ते आम्ही मुलांसमोर बोलत नाही.
गाडीला नावं ठेवतो: फार पिते.

दाद करीम, बलोच दलाल,
चार मोठ्या पांढऱ्या गाड्या दाखवून दमला.
मग शिळी भाकरी पुढे सरकवावी तशी
त्याने ती दाखवली,
भिंतीकडे तोंड करून उभी,
निळी, लहान, धुळीने तांबूस.
बंदरावरचा कुणी फ्रेंच इंजिनियर
येताना घेऊन आला, जाताना ठेवून गेला.
"डिझेल आहे," दाद करीम म्हणाला,
स्थळाचं आधीचं लग्न सांगावं तशा आवाजात.
"या देशात हिला कोण विचारतो?"

मी विचारतो.
एकवीस वर्षं जनरेटरच्या पोटात हात घातलेत.
माणसं बोलतील खोटं;
थंड डिझेल इंजिन बोलत नाही.
बॉनेट उघडून आत हात लावला.
ऊन वरून तापवतं, इंजिन आतून.
हा ताप वरचाच होता,
म्हणजे आम्ही येणार म्हणून
आधीच चालू करून ठेवली नव्हती.

चावी फिरवली.
खडखड, खडखड,
दमेकऱ्याला यावी तशी एक उबळ,
मग लागला तिचा ठेका.
धुराड्यापुढे रुमाल धरला:
काळा झाला, तेलकट नाही.
तिसरा नोझल कुरकुरत होता.
हे मी दाद करीमला अरबीत सांगितलं,
पन्नास रियाल उतरले.
ताहेराला मराठीत सांगायचं राहिलं.

ती तोवर मागच्या सीटवर जाऊन बसली होती.
गुडघे पुढे टेकतात का, काच पूर्ण उतरते का.
डिकीत वीतभर वीत मोजून म्हणाली,
"तांदळाची गोण मावेल." मग थांबून,
"अब्बा आले तर?"
"पुढे बसतील," मी म्हणालो.
अब्बांच्या पासपोर्टची मुदत गेल्या वर्षीच सरली,
त्यांनी तो पुन्हा काढलेला नाही.
दोघांनाही माहीत होतं.
तिने वही उघडली आणि सौद्याला लागली.

पंपावर डिझेलची रांग वेगळी.
पुढे पाण्याचा टँकर, मागे खडीचा डंपर,
दोन उंटांमध्ये शेळी बांधावी तसे मध्ये आम्ही.
पठाण ड्रायव्हर केबिनमधून वाकून वाकून बघत राहिला,
मग हसला आणि नाझनीनकडे खजुराची पुडी टाकली.
पंपावरच्या बंगाली पोऱ्याने तीनदा विचारलं,
"डिझेल? पक्का?"
टाकीच्या तोंडाशी नाक नेऊन वास घेतला,
तरी त्याचा हात पुढे होईना.

नाझनीन दप्तरातला मार्कर घेऊन उतरली.
टाकीच्या झाकणावर आधी अरबीत लिहिलं,
त्याखाली मराठीत. झ जरा तिरका आला.
"हे इथे कोण वाचणार?" उमेर म्हणाला.
"ताई वाचेल, आली की."

डंपरने हॉर्न दिला.
मी चावी फिरवली. खडखड, खडखड, उबळ.
ताहेरा लिटर लिहून घेत होती,
पेन थांबवून तिने मान वर केली.
"ही खोकते का?"
"थंड आहे अजून," मी म्हणालो.